मेंदूतली आवक-जावक : तीन मिलिमीटरच्या सालीतले मजले

हे वाचताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवा, सोडा, पुन्हा टेकवा. चिमटीत मीठ धरल्यासारखं. एवढ्या साध्या हालचालीत तुमच्या मेंदूत दोन कामं एकाच वेळी आणि जवळजवळ एकाच जागी चाललेली असतात. डाव्या बाजूच्या एका वळीतून बोटांच्या स्नायूंकडे हुकूम सुटतो की हला. बोटाला बोट टेकलं की त्याच वळीकडे उलट खबर येते की टेकलं. हुकूम बाहेर जातो, खबर आत येते.

एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात या दोन्हींचा मिळून एकच तांबडा-पिवळा ठिपका दिसतो.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘संगीत ऐकताना मेंदूचा अमुक भाग पेटून उठतो’ छापाच्या बातम्यांबद्दल माझी जुनी तक्रार हीच आहे. भाग पेटला, पण तिथे नेमकं काय चाललं होतं? सरकारी कचेरीत रात्री आठ वाजता एका खिडकीत दिवा दिसला, तर आत कोणीतरी आहे एवढंच कळतं. फाइल आली की गेली, हे बाहेरून समजत नाही. त्यासाठी बारनिशीच्या टेबलावरची आवक-जावक नोंदवही बघावी लागते. मेंदूतही अशी नोंद ठेवण्याची सोय आहे. तिथे आवक आणि जावक वेगवेगळ्या मजल्यांवर होते. गेली पंधरा-वीस वर्षं काही संशोधक कवटीला धक्का न लावता हे मजले वेगळे वाचायचा प्रयत्न करत आहेत, आणि बऱ्याच अंशी त्यांना ते जमूही लागलं आहे.

आधी मजले पाहू.

मेंदूचा जो सुरकुतलेला पृष्ठभाग आपल्याला चित्रांत दिसतो, त्याला कॉर्टेक्स म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत बाह्यक. ही एक साल आहे. तिच्या सगळ्या घड्या उलगडून सपाट केल्या तर साधारण वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी भरेल. जाडी मात्र सरासरी अडीच मिलिमीटर, कुठे दोन तर कुठे चार. म्हणजे साबुदाण्याच्या एका दाण्याएवढी. माणसाच्या या सालीत सुमारे १६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि त्या कशाही कोंबलेल्या नसून थरांत रचलेल्या आहेत.

थर असल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एका विद्यार्थ्याच्या. इटलीतल्या पार्मा शहरात फ्रांचेस्को जेन्नारी वैद्यकाचा अभ्यास करत होता. बर्फाने घट्ट केलेला मेंदू कापताना डोक्याच्या मागच्या भागात त्याला सालीच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ दिसली. साल होतं १७७६. सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसत्या डोळ्यांनी दिसलेली ही रेघ आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती दृष्टीच्या पहिल्या केंद्रात असते, आणि हे केंद्र दृष्टीचं आहे हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे पेशींना रंग देऊन पाहायची युक्ती सापडली. १९०९ साली कॉर्बिनियन ब्रॉडमन या जर्मन शास्त्रज्ञाने थरांच्या जाडी-रचनेतले फरक टिपून मेंदूचा नकाशा काढला आणि एकेका प्रदेशाला नंबर दिला. न्यूरॉलॉजिस्ट मंडळी आजही ‘एरिया चार’, ‘एरिया सतरा’ म्हणतात ते त्याच नंबरांनी.

थर सहा. मोजायचे वरून खाली, म्हणजे कवटीकडून आत. डोळा, कान, त्वचा यांच्याकडून येणारा माल थॅलॅमस नावाच्या जंक्शनवरून येतो आणि मुख्यतः चौथ्या थरात उतरतो. दुसरा-तिसरा थर तो माल मेंदूच्या पुढच्या केंद्रांकडे रवाना करतो. पाचव्या थरातून कॉर्टेक्सच्या बाहेर, थेट मज्जारज्जूपर्यंत हुकूम जातात. हातापायांच्या केंद्रात याच थरात बेट्झ पेशी नावाच्या अवाढव्य पेशी आहेत. १८७४ साली कीव्हमध्ये व्लादिमीर बेट्झ याने त्यांचं वर्णन केलं. सहावा थर थॅलॅमसशी उलट टपाल चालवतो.

आणखी एक गोष्ट, आणि सगळ्या कथेत हीच सर्वांत महत्त्वाची. वरिष्ठ केंद्रांकडून खालच्या केंद्रांकडेही सतत निरोप येत असतात: काय दिसण्याची शक्यता आहे, कुठे लक्ष द्यायचं, मागच्या वेळी काय झालं होतं. हे वरिष्ठांचे निरोप चौथा थर टाळून वरच्या आणि तळच्या थरांत उतरतात. माकडांच्या मेंदूत धाग्यांचा माग काढून हे बरंच आधी पक्कं झालं होतं. त्यामुळे एखाद्या केंद्रात मधला थर जागा झाला की वरचा-खालचा, हे कळलं तर खबर डोळ्यांकडून आली की ‘वरून’ आली, याचा अंदाज बांधता येतो.

माकडांत किंवा उंदरांत हे पाहायला बारीक सुई सालीत रोवता येते. जिवंत, धडधाकट माणसाच्या डोक्यात ती कशी रोवणार? म्हणून एमआरआय.

इथे पहिली अडचण मापाची. एमआरआय मेंदूचं चित्र छोट्या घनांमध्ये काढतं, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. मेंदूचं काम टिपणाऱ्या नेहमीच्या एमआरआयमध्ये, म्हणजे एफएमआरआयमध्ये, हा घन प्रत्येक बाजूने सुमारे तीन मिलिमीटरचा असतो. परत साबुदाणाच. सालच साबुदाण्याएवढी जाड आणि मोजमापाची पट्टीही साबुदाण्याची. सहाही थर एकाच घनात गडप होतात. थर दिसायला घन ०.८ मिलिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. एका साबुदाण्यात असे पन्नासहून अधिक खसखशीचे घन मावतात. मिळणारा संदेशही त्याच हिशेबाने पन्नासांश होतो, पण यंत्रातली खरखर काही तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही.

तो संदेश वाढवायला मोठं चुंबक लागतं. चुंबकाचा जोर टेस्ला या एककात मोजतात. आपल्याकडच्या रुग्णालयांत दीड किंवा तीन टेस्लाची यंत्रं असतात. थरांचं बहुतेक काम सात टेस्लावर होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखपटीहून पुष्कळ अधिक. माणसासाठीचं असं पहिलं यंत्र अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९९९च्या सुमारास सुरू झालं. अशा यंत्रात सरकताना काहींना घेरी येते, काहींच्या जिभेवर नाणं ठेवल्यासारखी धातूची चव येते, दोन्ही तात्पुरतं.

दुसरी अडचण हलण्याची. कंबरेच्या दुखण्यासाठी मी एकदा त्या नळीत वीस मिनिटं पडलो होतो. आत विसर्जनाच्या ढोल-ताशांसारखा आवाज, आणि बाहेरून ‘अजिबात हलू नका’ अशी ताकीद. तेवढ्यात माझं नाक तीनदा खाजलं. थरांच्या प्रयोगात माणूस तास-तास आत असतो, आणि त्याचं डोकं अर्धा मिलिमीटर सरकलं तरी एका थराचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यात जातो. नाक आवरता येईल, पण श्वास आणि हृदयाचे ठोके कसे आवरणार? प्रत्येक ठोक्याला मेंदू किंचित डुलतो. हे सगळं नंतर गणिताने सरळ करावं लागतं.

त्यात साल घड्यांची. गादी दुमडली की बाकाच्या बाहेरचा भाग ताणतो आणि आतला चुरगळतो. वळीच्या माथ्यावर आणि खाचेच्या तळाशी थरांची जाडी तशीच बदलते. म्हणून ‘वरून तीस टक्के खोलीवर तिसरा थर’ असा एकच ठोकताळा सगळीकडे चालत नाही. झिगफ्रीड बॉक याने १९२९ साली यावर नियम मांडला: वळणावर थराची जाडी बदलली तरी त्याच्या वाट्याला आलेलं आकारमान राखलं जातं. आजची सॉफ्टवेअर थर आखताना शंभरेक वर्षांपूर्वीचा हाच नियम वापरतात.

मापाची आणि हलण्याची अडचण पैशाने आणि चिकाटीने बरीचशी सुटते. खरी मेख रक्ताची आहे.

एफएमआरआय चेतापेशी पाहतच नाही. तो पाहतो रक्त. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ साली दाखवलं होतं की ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन उतरवून रिकामं झालेलं हिमोग्लोबिन यांची चुंबकाशी वागणूक वेगळी असते. रिकामं हिमोग्लोबिन आसपासचं चुंबकक्षेत्र बिघडवतं आणि तिथलं चित्र काळवंडतं. १९९० साली बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हा फरक टिपला, आणि १९९२ साली माणसाच्या मेंदूचं काम याच मार्गाने दिसलं.

चेतापेशी कामाला लागल्या की त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, मग तिथे रिकामं हिमोग्लोबिन वाढायला हवं. होतं उलटं. शरीराचा पुरवठा पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखा आहे: एक पोळी मागितली की तो तीन वाढतो. कामाच्या जागी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताजं रक्त धावतं, रिकामं हिमोग्लोबिन वाहून जातं आणि चित्र किंचित उजळतं. उजळणं शेकड्यात एक-दोन टक्क्यांचं, आणि तेही काम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचणारं.

पानात उरलेल्या त्या पोळ्या, म्हणजे न वापरलेला ऑक्सिजन, जातात कुठे? शिरांमधून बाहेर. आणि कॉर्टेक्समधल्या बहुतेक शिरा तळातून वर चढत पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांना मिळतात. सहाव्या थरातलं रक्त पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या थराच्या शेजारून वर जातं आणि वाटेत प्रत्येक थराचं रक्त त्यात मिसळत जातं.

कचेरीत कोणी फोडणी देत नाही, म्हणून इथे चाळीत यावं लागेल. तीन मजली चाळीत संध्याकाळी वरच्या गॅलरीत उभं राहा. खालच्या बिऱ्हाडातली लसणाची फोडणी, मधल्यांचे तळलेले बोंबील, शेजारची आमटी, सगळे वास वर येतात. सर्वांत जास्त घमघमाट तिसऱ्या मजल्यावर, म्हणून सर्वांत जास्त स्वयंपाक तिसऱ्या मजल्यावर, असं ठरवलं तर? सुरुवातीच्या थर-प्रयोगांची हीच गत व्हायची. काम कुठलंही द्या, संदेश तळापासून पृष्ठभागाकडे चढतच जायचा. तो आलेख खरा होता, पण चेतापेशींबद्दल फार थोडं आणि प्लंबिंगबद्दल फार जास्त सांगत होता.

यावर तोडगे बरेच निघाले. एक म्हणजे खालून किती वास वर येतो याचं गणिती मॉडेल मांडून तो वजा करायचा. दुसरा, एकाच माणसाकडून दोन कामं करवून घ्यायची आणि फक्त फरक पाहायचा. शिरा दोन्ही वेळी त्याच असल्यामुळे फरकात त्यांचा गोंधळ कमी राहतो. तिसरा तोडगा मला सगळ्यांत चतुर वाटतो. त्याचं नाव वासो, आणि मराठीत लिहिलं की ते कुठल्याशा गोवेकराचं नाव वाटतं. हान्झांग लू आणि सहकाऱ्यांनी तो २००३ साली मांडला.

वासोची युक्ती अशी. रेडिओलहरीचा एक झटका देऊन मेंदूतल्या पाण्याचं आणि रक्ताचं चुंबकत्व उलटं करायचं, म्हणजे उणे. मग ते हळूहळू मूळ अधिक स्थितीकडे परत येतं, आणि उणेकडून अधिककडे येताना वाटेत शून्य लागतंच. मेंदूच्या ऊतीचं चुंबकत्व शून्य ओलांडतं थोडं आधी, रक्ताचं थोडं उशिरा. रक्त बरोबर शून्यावर असतं त्या क्षणी चित्र काढलं, तर चित्रात रक्त नसतंच. जे दिसतं ती फक्त ऊती. आता चेतापेशी कामाला लागल्या आणि जवळच्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या, तर त्या घनातली रक्ताची जागा वाढते, ऊतीची घटते आणि चित्र थोडं अंधारतं. मोजायची ती ही घट. फुगण्याचं काम मुख्यतः पेशींलगतच्या बारीक वाहिन्या करतात. वरच्या मोठ्या शिरा फारशा फुगत नाहीत. वास न घेता प्रत्येक बिऱ्हाडाचा गॅस मीटर वाचण्यासारखं हे आहे.

मीटर वाचायचा तर किंमत मोजावी लागते. ऊती आणि रक्त यांच्या शून्यवेळांत फरक थोडा, म्हणून संदेश क्षीण. शून्याची वाट पाहायची, म्हणून प्रत्येक चित्राला काही सेकंद जातात. एकाच माणसाकडून तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेऊन सरासरी काढावी लागते. सात टेस्लासाठी या पद्धतीला वळण दिलं लॉरेंटियस ह्युबर यांनी, आधी जर्मनीत लाइपझिगला आणि मग अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. आपण सुरुवातीला केलेला चिमटीचा प्रयोग तिथलाच.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाताच्या हालचालीचं केंद्र निवडलं होतं, तेही विचारपूर्वक. तिथली साल मेंदूत सर्वांत जाड, जवळजवळ चार मिलिमीटर, त्यामुळे खसखशीचे चार-पाच दाणे एकावर एक मावतात. शिवाय हाताची जागा ओळखायला सोपी असते. वळीला तिथे मुठीसारखा एक उंचवटा असतो. या केंद्रात चौथा थर जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे इथला हिशेब थोडा निराळा आहे: स्पर्शाच्या आणि हालचालीची आखणी करणाऱ्या शेजारच्या केंद्रांकडून आवक वरच्या थरांत, आणि मज्जारज्जूकडे जावक खालच्या थरांतून.

माणसांना चार वेगवेगळी कामं दिली. बोटं हलवून एकमेकांना टेकवायची; हलवायची पण टेकवायची नाहीत; बोटं स्वस्थ ठेवायची आणि त्यांना फक्त स्पर्श व्हायचा; आणि दुसराच हात हलवायचा. बोटं हलवून टेकवली तेव्हा वासोच्या आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसले, एक वर, एक खाली. आवक आणि जावक. नुसत्या स्पर्शात खालचा हुकमाचा उंचवटा ओसरला. त्याच माणसांचा, त्याच वेळी घेतलेला नेहमीचा रक्त-ऑक्सिजनचा आलेख मात्र पृष्ठभागाकडे चढत जाणारा एकच डोंगर होता.

मी जेव्हा हे दोन आलेख शेजारी-शेजारी पाहिले, तेव्हा पहिल्यांदा या सगळ्या खटाटोपावर विश्वास बसला. सुई न टोचता, माणूस फक्त बोटं हलवत असताना, हुकूम आणि खबर वेगळे दिसत होते.

हालचालीचं उत्तर आधीपासून माहीत होतं. म्हणूनच ते पद्धतीची परीक्षा म्हणून चांगलं. जिथे उत्तर माहीत नाही तिथे गोष्टी गुंतागुंतीच्या होतात, आणि मला वाटतं जास्त रंजकही.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. तीन काळ्या चकत्या, प्रत्येकीचा एकेक घास काढलेला, घासाची तोंडं एकमेकांकडे वळवलेली. मधे काहीही काढलेलं नाही, तरी पांढराशुभ्र त्रिकोण स्पष्ट दिसतो. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांच्या नावाने हा भ्रम ओळखला जातो. डोळ्यांनी त्रिकोण पाठवलेलाच नाही, तो वरिष्ठ केंद्रांनी रचला. मग दृष्टीच्या पहिल्या केंद्रात, जिथे तो त्रिकोण ‘पडायला हवा’, तिथे कोणता थर हलतो? पीटर कॉक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेलं उत्तर: तळचे थर. चौथा थर शांत. खबर डोळ्यांकडून आलेली नाही, वरून आली आहे, हे थरांनीच सांगितलं.

चित्र स्वच्छ झालं असं वाटतं ना? त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५मध्ये, ग्लासगोच्या लार्स मुकली यांच्या गटाने एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाला निसर्गदृश्यं दाखवली, पण प्रत्येक चित्राचा एक कोपरा पांढऱ्या चौकोनाने झाकलेला. झाकलेल्या कोपऱ्याशी जोडलेल्या मेंदूच्या तुकड्याला डोळ्यांकडून काहीच मिळत नाही. तरीही तिथल्या हालचालीवरून बाकीचं दृश्य कोणतं आहे हे ओळखता आलं. म्हणजे वरिष्ठांनी आसपासचं पाहून कोपऱ्याबद्दलही काही कळवलं होतं. ही माहिती सापडली वरच्या थरांत. तळच्या नव्हे.

दोन्ही उत्तरं शरीररचनेत बसतात, कारण वरिष्ठांचे निरोप दोन्हीकडे उतरतात. पण कधी वर, कधी खाली, हे का? भ्रमातला त्रिकोण आणि झाकलेला कोपरा हे दोन वेगळ्या जातीचे निरोप असतील. मोजमापाच्या रीती वेगळ्या, एकाने किती हललं ते मोजलं, दुसऱ्याने त्या हलण्यात माहिती किती ते पाहिलं. कदाचित फरक तिथलाही असेल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे थोडा अधिक आहे, पण पैज लावण्याइतका नाही.

कपाळामागच्या भागातही असं काम झालं आहे. २०१९ साली एमिली फिन आणि बेथेस्डाच्या गटाने लोकांना काही अक्षरं दाखवली आणि सांगितलं की कधी ती तशीच लक्षात ठेवा, कधी मनात वर्णानुक्रमे लावा. मग काही वेळा बटण दाबून उत्तर द्यायचं, काही वेळा नाही. अक्षरं मनात जुळवताना वरचे थर जास्त जागे, आणि उत्तर देताना खालचे. फोन नंबर ओठांवर घोळवत डायल करणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळामागे असंच काहीतरी घडत असावं, अशी कल्पना करायला मला आवडतं. प्रयोगात फोन मात्र नव्हता.

रक्ताचा मार्ग पूर्ण टाळणारी एक वाटही आहे. चेतापेशींतल्या विजेच्या प्रवाहामुळे डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकक्षेत्र तयार होतं. ते टिपणाऱ्या तंत्राला एमईजी म्हणतात. यात वेळ मिलिसेकंदांत कळते. पाच-सहा सेकंद रक्ताची वाट पाहायला नको. पण नेमकी जागा सांगण्यात ते अडखळतं. कॉर्टेक्सचा वरचा पृष्ठभाग आणि तळ यांत अडीच-तीन मिलिमीटरचं अंतर, आणि माणूस खुर्चीत बसल्या-बसल्या डोकं त्याहून जास्त हलवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने यावर सरळसोट उपाय केला: प्रत्येकाच्या डोक्याचं एमआरआय काढून त्याच्या मापाचा, आतून नाक-कपाळाला चपखल बसणारा साचा थ्रीडी प्रिंटरच्या मदतीने बनवला. डोकं त्यात घातलं की हलायला जागाच नाही, आणि पुढच्या वेळीही ते त्याच ठिकाणी बसतं. जेम्स बोनाउटो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली या साच्यांच्या मदतीने दाखवलं की सेकंदाला पंधरा ते तीस आवर्तनांच्या संथ बीटा लहरी खोल थरांकडे झुकतात, आणि वेगवान गॅमा लहरी वरच्या थरांकडे. प्राण्यांमध्ये सुया रोवून आलेल्या अनुमानांशी हे जुळणारं आहे. इथे फक्त दोनच मजले ओळखता येतात, वरचा आणि खालचा.

एमआरआयलाही सहा येत नाहीत, हे इथे सांगून टाकायला हवं. शीर्षकांत ‘थर’ हा शब्द सर्रास येतो, पण प्रत्यक्षात मोजली जाते खोली. दृष्टीच्या केंद्रात साल दोन-अडीच मिलिमीटरची, ०.८च्या घनांचे त्यात तीनच मजले बसतात. वर, मधे, खाली. शोधनिबंधातल्या आलेखात पृष्ठभागापासून तळापर्यंत वीस बिंदूंची सुबक रेघ असते, पण वीस बिंदू म्हणजे वीस मोजमापं नव्हेत. मधले बरेचसे बिंदू शेजाऱ्यांवरून काढलेले असतात. काही ठिकाणी तर जेन्नारीची ती पांढरी रेघ जिवंत माणसाच्या एमआरआयमध्ये शोधून तिच्या आधाराने मधला थर कुठे आहे हे पडताळून पाहतात. पार्मातल्या त्या विद्यार्थ्याला हे ऐकून गंमत वाटली असती.

आणखी एक. थर कळला म्हणजे दिशा कळली, हेही अनुमानच आहे. तळचा थर जागा झाला, तो वरिष्ठांच्या निरोपाने की स्वतःचा हुकूम सोडताना? दोन्ही तळातच. म्हणून चांगल्या प्रयोगात एका ठिपक्यावर निष्कर्ष काढत नाहीत. दोन केंद्रांचे थर एकाच वेळी पाहून कुणाचा वरचा मजला कुणाच्या खालच्याबरोबर हलतो, हे तपासतात.

दवाखान्यात याचा उपयोग अजून नाही, आणि कोणी तसा दावा करत असेल तर जरा थांबून ऐकावं. अपस्माराच्या काही प्रकारांत सालीचे थरच जन्मापासून विस्कटलेले असतात. अशा बारीक जागा शोधायला सात टेस्लाची साधी, म्हणजे काम न टिपणारी, चित्रं उपयोगी पडतात. पण ते थरांची रचना बघणं झालं, थरांचं काम बघणं नव्हे. नसलेले आवाज ऐकू येणं हे वरिष्ठांचे निरोप जरुरीपेक्षा जोरात येण्यामुळे असेल का, हा प्रश्न थरांच्या भाषेत विचारता येतो, म्हणून मनोविकारांचे अभ्यासक या तंत्राकडे डोळे लावून आहेत. भ्रम होणाऱ्या, अस्वस्थ माणसाला मात्र तासभर नळीत डोकं अजिबात न हलवता झोपवायचं आहे, हे विसरून चालणार नाही.

यंत्रं वाढत आहेत. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले इथे ११.७ टेस्लाचं, १३२ टन वजनाचं चुंबक उभं आहे, आणि त्यात घेतलेली माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं २०२४ साली प्रसिद्ध झाली. बर्कलीच्या गटाने सात टेस्लावरच नव्या रचनेचं यंत्र बांधून २०२३मध्ये ०.४ मिलिमीटरपर्यंत मजल मारली. खसखशीच्या दाण्याचे आठ तुकडे. साबुदाण्याच्या तुलनेत हा घन चारशेवा हिस्सा आहे. पण मेंदूतल्या शिरांची दिशा चुंबकाला विचारून ठरलेली नाही. रक्त तळातून वरच चढणार आहे, आणि घन कितीही बारीक केला तरी वरच्या गॅलरीत येणारा वास कोणाच्या घरचा, हे तिथेही आधी शोधावंच लागतं.